सुडो म्हणजे सूड नव्हे

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. विषय वाचून घरच्या मंडळींना हसू येईल. मी आयुष्यभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. संगणकाशी माझी ओळख निवृत्तीनंतरची, आणि तीही वाचनालयाच्या निमित्ताने झालेली. तरीही आज लिहायचे आहे ते संगणकातल्या एका छोट्याशा आज्ञेच्या इतिहासाबद्दल. त्या आज्ञेचे नाव 'सुडो'. जाणकार तिचा उच्चार 'सू-डू' असा करतात, पण बरेच जण सुडोच म्हणतात. मी हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा मला आपला मराठी सूडच आठवला! नंतर कळले की तिचा सूडाशी काही संबंध नाही. उलट कोणाचा उगाच सूड घेतला जाऊ नये म्हणूनच ती फार उपयोगी आहे. हे मला कसे कळले ते आधी सांगते.

२०१३ सालची गोष्ट. मी आमच्या गावच्या वाचनालयाची कार्यवाह होते. माझ्या बहिणीच्या मुलाने एका जुन्या संगणकावर लिनक्स घालून दिले होते (उबुंटू नावाचे, फुकट मिळते). त्यावर आम्ही पुस्तकांची यादी चढवत होतो. बारावीतला एक मुलगा रोज येऊन दाखलनोंदवहीतली नावे एकेक करून संगणकात भरायचा. पैसे घेत नसे, फक्त वाचायला हवी तेवढी पुस्तके नेत असे. संगणक उघडायला एकच नाव होते, 'वाचनालय', आणि एकच पासवर्ड. तो पासवर्ड ग्रंथपालांना, मला, समितीतल्या दोघांना आणि त्या मुलाला माहीत होता. शिवाय एका चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या खणात ठेवलेला होता. तो घातला की यंत्रावर काय वाटेल ते करता येत असे.

एका शुक्रवारी संध्याकाळी लक्षात आले की सगळी यादी गेली. जवळजवळ ६ हजार नोंदी. सकाळी संगणकावर तोच मुलगा बसला होता. मी चार लोकांसमोर त्याला विचारले, "काय केलंस तू?" तो म्हणाला, "बाई, मी नाही काही केलं. मी आलो तेव्हाच उघडत नव्हतं." मी म्हटले, "मग काय आपोआप गेलं?" तीस वर्षे वर्गासमोर उभे राहिलेल्या बाईच्या आवाजात असे विचारले की समोरचे पोर काय बोलणार? तो गप्प राहिला. हातातले पुस्तक टेबलावर ठेवून गेला. दुसऱ्या दिवसापासून आला नाही.

तीन आठवड्यांनी भाचा पुण्याहून आला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "मावशी, पासवर्ड किती जणांना माहीत आहे?" मी म्हटले, "पाच." त्याने कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "बघू या. यंत्र वही ठेवतं." त्या वहीत काय निघाले ते शेवटी सांगते. कारण त्या रात्री जेवणे झाल्यावर मी त्याला विचारले की ही वही, हे पासवर्ड, हा सगळा अधिकाराचा कारभार आला कुठून? त्याने सांगितले ते थोडे, बाकीचे मी नंतर शोधून वाचले. इतिहासाच्या बाईची खोड, दुसरे काय!

तर गोष्ट सुरू होते अमेरिकेत, १९६०च्या दशकात. तेव्हा संगणक खोलीएवढे मोठे आणि भयंकर महाग असत. एका वेळी एकाच माणसाने ते अडवून ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करायची पद्धत निघाली. एमआयटी या संस्थेत १९६१ मध्ये तिचे प्रात्यक्षिक झाले. अनेकजण एका घरात राहायला आले म्हणजे जे होते तेच इथे झाले. कोणाचे कपाट कोणी उघडायचे, कोणी नाही, याचे नियम करणे आले.

पुढे एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्स यांनी मिळून मल्टिक्स नावाची मोठी प्रणाली करायला घेतली. काम लांबत गेले आणि १९६९ मध्ये बेल लॅब्सने अंग काढून घेतले. पण तिथल्या केन थॉम्प्सन यांना स्वस्थ बसवेना. त्यांनी त्याच वर्षी पीडीपी-७ नावाच्या एका लहानशा यंत्रावर स्वतःची साधी प्रणाली लिहायला घेतली. डेनिस रिची त्यांच्या जोडीला होते. तीच युनिक्स. आजचे लिनक्स १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने नव्याने लिहिले, पण वळण सगळे युनिक्सचे.

युनिक्समधली अधिकारांची रचना अगदी सोपी होती. सामान्य माणसे अनेक, आणि त्यांच्या वर एक महाअधिकारी. त्याचा क्रमांक शून्य आणि नाव 'रूट', म्हणजे मूळ. सामान्य माणसाला आपापल्या फाईलींपुरते राज्य. रूटला मात्र कुठलेच कुलूप आडवे येत नाही. तो कोणाचीही फाईल वाचू शकतो, बदलू शकतो, पुसू शकतो. 'खरंच पुसू का?' असेही यंत्र सहसा त्याला विचारत नाही.

युनिक्सची पहिली मार्गदर्शिका १९७१ मध्ये तयार झाली. तिच्यातच 'सू' नावाची एक आज्ञा आहे. ती दिली आणि रूटचा पासवर्ड सांगितला की माणूस रूट होतो. काम झाले की पुन्हा सामान्य. पण या दोन टोकांच्या मध्ये काही नाही. एक तर तुम्ही कोणी नाही, नाही तर तुम्ही सर्वकाही.

इथे एक अडचण पाहा. प्रत्येकाला आपला पासवर्ड बदलता आला पाहिजे. पण सगळ्यांचे पासवर्ड एकाच फाईलीत, आणि त्या फाईलीत लिहायचा अधिकार फक्त रूटला. मग काय, दर वेळी साहेबांकडे अर्ज करायचा? रिची यांनी यावर फार सुंदर तोड काढली. रेल्वेच्या आरक्षणाची खिडकी आठवा. आरक्षणाच्या यादीत आपल्याला हात घालता येत नाही. आपण फॉर्म भरून देतो, आतला कारकून तो तपासून आपले नाव चढवतो. अधिकार खिडकीमागच्या कारकुनाचा, काम आपले, आणि आपण खिडकीच्या बाहेरच! रिची यांनी अशी सोय केली की काही ठरावीक प्रोग्रॅमवर एक खूण करायची. तो प्रोग्रॅम कोणीही चालवला तरी तो चालेल मालकाच्या अधिकाराने. पासवर्ड बदलणाऱ्या प्रोग्रॅमवर रूटची अशी खूण केली की झाले. या कल्पनेसाठी १९७३ मध्ये पेटंटचा अर्ज केला गेला आणि जानेवारी १९७९ मध्ये ४१३५२४० या क्रमांकाचे पेटंट मिळाले. पुढे ती कल्पना सर्वांना खुली करण्यात आली.

याच सुमारास, १९७५ मध्ये, एमआयटीचे जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकातल्या माहितीच्या रक्षणावर एक निबंध लिहिला. त्यात रक्षणाची आठ तत्त्वे सांगितली आहेत. त्यातले एक असे की प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या कामापुरताच अधिकार असावा, त्याहून कणभरही जास्त नको. मला हे वाचताना वाटले, यात नवीन ते काय? आपल्याकडे मुखत्यारपत्रे दोन तऱ्हेची असतात. एक कुलमुखत्यारपत्र, ज्यात सगळाच कारभार हाती देतात. दुसरे एकाच कामापुरते, उदाहरणार्थ अमुक गटातली जमीन विकण्याच्या कागदावर सही करण्यापुरते. शहाणा वकील दुसरेच करायला सांगतो. पण युनिक्सच्या 'सू' आज्ञेपाशी दुसऱ्या तऱ्हेचा कागदच नव्हता. कुलमुखत्यारी, नाही तर काहीच नाही.

तो दुसरा कागद तयार झाला १९८०च्या सुमारास, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो या गावी. तिथल्या विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात व्हॅक्स-११/७५० हे यंत्र होते. बॉब कॉगशेल आणि क्लिफ स्पेन्सर या दोघांनी त्यावर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. 'सू' म्हणजे दुसऱ्याच्या नावाने, 'डू' म्हणजे कर. अमक्याच्या अधिकाराने एवढे एक काम कर, असा त्या नावाचा अर्थ. विद्यापीठांत यंत्रांची देखभाल करायला बऱ्याचदा विद्यार्थीच असत. त्यांना काही कामांपुरता अधिकार देणे भाग असे, पण सगळ्या किल्ल्या कशा देणार? शिक्षक म्हणून मला ही अडचण लगेच पटली. प्रयोगशाळेतल्या कपाटाची किल्ली मॉनिटरकडे आपण देतो, मुख्याध्यापकांच्या खोलीची देत नाही.

डिसेंबर १९८५ मध्ये या प्रोग्रॅमची सुधारलेली प्रत यूझनेटवर सर्वांसाठी ठेवली गेली. यूझनेट म्हणजे तेव्हाची संगणकावरची सार्वजनिक फळाच म्हणा. तिथून तो पसरला. १९८६ मध्ये गार्थ स्नायडर यांनी त्यात भर घातली आणि पुढची काही वर्षे कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर येथील विद्यापीठातल्या मंडळींनी तो सांभाळला. १९९१ मध्ये द रूट ग्रुप नावाच्या एका सल्लागार कंपनीसाठी तो नव्याने लिहिला गेला आणि अधिकारांची यादी अधिक तपशिलाने लिहायची सोय झाली. १९९४ मध्ये बोल्डरच्याच टॉड मिलर यांनी आपली प्रत जाहीर केली, आणि तेव्हापासून तीन दशकांहून अधिक काळ या एका माणसाने सुडोची निगा राखली आहे. जगभरातल्या असंख्य यंत्रांच्या किल्ल्या ज्या पेटीत राहतात, तिची राखण एक माणूस इतकी वर्षे करतो, हे वाचून मी थक्क झाले.

मग सुडोने नेमके वेगळे काय केले? दोन गोष्टी. 'सू' आज्ञा रूटचा पासवर्ड मागते. म्हणजे पाच माणसांना काम द्यायचे तर पाचही जणांना एकच गुपित सांगायचे. त्यातला एक सोडून गेला की ते बदलायचे आणि उरलेल्या चौघांना पुन्हा सांगायचे. शिवाय रूट झाल्यावर सगळे सारखेच. कोणी काय केले याचा पत्ता लागणे कठीण. सुडो मात्र तुमचा स्वतःचा पासवर्ड मागते. 'तू रूट आहेस का?' असे न विचारता 'तू तूच आहेस ना?' एवढेच ती विचारते. मग यादीत तुमचे नाव आणि ते काम आहे का ते पाहते. असेल तर करू देते, नसेल तर नाही म्हणते. आणि दोन्ही वेळा वहीत टिपून ठेवते: कोणी, केव्हा, कुठून, कोणाच्या अधिकाराने, काय करायला सांगितले.

ती यादी लिहायची पद्धत पाहून तर मला व्याकरणाचा तास आठवला. प्रत्येक ओळ म्हणजे एक वाक्यच. आधी कर्ता, म्हणजे कोण. मग अधिकरण, म्हणजे कुठल्या यंत्रावर. मग कोणाच्या नावाने. आणि शेवटी काम, म्हणजे कुठली आज्ञा. 'ग्रंथपाल, या यंत्रावर, रूटच्या नावाने, छपाईची सेवा पुन्हा सुरू करू शकतात.' झाली एक ओळ! ही यादी साध्या पद्धतीने उघडून लिहू नये असा दंडक आहे. तिच्यासाठी 'व्हीसुडो' नावाची वेगळी आज्ञा आहे. ती जतन करण्याआधी व्याकरण तपासते आणि चूक असेल तर सांगते. कारण यादीच चुकली तर सुडो कोणालाच आत घेईनाशी होऊ शकते, अगदी चूक सुधारायला आलेल्यालाही!

पण यादीत ओळ लिहिली म्हणजे सारे सुरक्षित झाले असे नाही. इथे लोक कसे फसतात ते भाच्याने मला समजावून सांगितले. ते लिहून ठेवते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, आज्ञेचा पूर्ण पत्ता लिहायचा, नुसते नाव चालत नाही. 'जोशी' म्हटले तर गावात दहा जोशी, वाडा आणि आळी सांगावी लागते. दुसरी गोष्ट, आज्ञेपुढचे शब्दही ठरवून द्यायचे. सेवा सुरू-बंद करणारी आज्ञा नुसतीच दिली आणि पुढे कुठली सेवा ते लिहिले नाही, तर यंत्र समजते की कुठलीही चालेल. मग छपाईसाठी दिलेल्या अधिकाराने माणूस सगळ्याच सेवा बंद करू शकतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत गमतीची वाटली. एखाद्याला एकच फाईल दुरुस्त करायची परवानगी द्यायची म्हणून लोक त्याला रूटच्या अधिकाराने फाईल लिहिण्याचा प्रोग्रॅम वापरू देतात. पण असल्या बऱ्याच प्रोग्रॅमांच्या आतून दुसऱ्या आज्ञाही देता येतात, आणि त्याही रूटच्याच अधिकाराने! म्हणजे पाहुण्याला ओसरीवर बसवले आणि ओसरीतून माजघरात जायचे दार मात्र उघडे. त्यासाठी 'सुडोएडिट' अशी वेगळी सोय आहे. ती माणसाच्या हातात फाईलीची नक्कल देते, तो ती स्वतःच्या अधिकाराने सुधारतो, आणि मग सुडो ती नक्कल मूळ जागी नेऊन ठेवते. माणूस आत जातच नाही.

चौथी गोष्ट, जो प्रोग्रॅम रूटच्या नावाने चालवू द्यायचा, तो त्या माणसाला बदलता येता कामा नये. नाही तर सही केलेला कोरा धनादेश दिल्यासारखेच झाले. आणि पाचवी, 'सगळे करू दे, फक्त अमुक नको' अशी यादी कधी करू नये. ज्याला सगळेच करता येते, तो त्याच मनाई केलेल्या प्रोग्रॅमची दुसऱ्या नावाने नक्कल करून ती चालवू शकतो. काय चालेल ते मोजून सांगावे, काय चालणार नाही ते सांगत बसू नये. (वर्गातले नियम करतानाही मला हे फार उशिरा कळले.)

सुडो पहिल्यांदा वापरताना बऱ्याच यंत्रांवर ती तीन उपदेशही करते. दुसऱ्याच्या खाजगीपणाचा मान राखा, टंकण्याआधी विचार करा, आणि मोठ्या अधिकाराबरोबर मोठी जबाबदारी येते हे विसरू नका. आम्ही शिक्षक तरी वेगळे काय सांगत होतो?

सुरुवातीला सुडो ही मोठ्या यंत्रांच्या राखणदारांची वस्तू होती. घरोघरी ती पोचली ती नंतर. ॲपलने २००१ मध्ये मॅक ओएस एक्स काढले तेव्हा त्यात रूटचे खाते मुळात बंदच ठेवले. ऑक्टोबर २००४ मध्ये आलेल्या उबुंटूनेही तेच केले. तिथे रूटचा पासवर्डच नसतो. यंत्र बसवणाऱ्या पहिल्या माणसाला सुडोचा अधिकार मिळतो. सोय उत्तम, पण तो पहिला माणूस सगळेच करू शकतो. म्हणजे सुडो वापरूनही कुलमुखत्यारीच! आमच्या वाचनालयात नेमके तेच झाले होते.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. सुडो स्वतः रिची यांच्या त्या खुणेवरच चालते. म्हणजे खिडकीमागचा कारकून खुद्द रूटच आहे. त्या कारकुनालाच कोणी फसवले तर? ऑक्टोबर २०१९ मध्ये अशी चूक सापडली की 'रूट सोडून कोणाच्याही नावाने चालव' अशी परवानगी असलेला माणूस आपला क्रमांक उणे एक असा सांगून रूट होऊ शकत होता. जानेवारी २०२१ मध्ये तर क्वालिस या कंपनीतल्या संशोधकांनी त्याहून मोठी चूक उघड केली. यादीत नाव नसलेला, पण यंत्रावर खाते असलेला कोणीही रूट होऊ शकत होता. ती चूक जुलै २०११ पासून तिथे होती. जवळजवळ दहा वर्षे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर! २०२५ मध्येही एक गंभीर चूक सापडली आणि दुरुस्त झाली.

सुडोत इतक्या सोयी वाढत गेल्या की त्या पसाऱ्याचीच काहींना भीती वाटू लागली. ओपनबीएसडी या प्रणालीच्या मंडळींनी २०१५ मध्ये 'डूॲज' नावाची छोटी, मोजकेच काम करणारी आज्ञा आणली. आणि ऑक्टोबर २०२५ च्या उबुंटूमध्ये रस्ट या भाषेत नव्याने लिहिलेली सुडो आली. स्मृती हाताळतानाच्या चुका त्या भाषेत सहजासहजी होत नाहीत म्हणे. म्हणजे बफेलोत सुरू झालेली गोष्ट अजून संपलेली नाही.

असो. आता त्या वहीत काय निघाले ते सांगते. टाळता आले असते तर टाळले असते.

भाच्याने वही उघडली. 'कोणी' या रकान्यात प्रत्येक ओळीला 'वाचनालय' असेच होते. ग्रंथपाल, मी, तो मुलगा, सगळे एकच. वही असूनही आमच्या पासवर्डाच्या चिठ्ठीने ती निम्मी आंधळी करून ठेवली होती. पण 'केव्हा' हा रकाना कोणाला पुसता आला नव्हता. यादी पुसणारी ओळ शुक्रवारची नव्हती. ती गुरुवारची होती, दुपारी ४ वाजून १२ मिनिटांची. गुरुवारी आमचे वाचनालय बंद असते. त्या दिवशी वार्षिक अहवाल लिहायला कुलूप उघडून आत एकटी कोण बसली होती? मी!

मग सगळे आठवले. यंत्राने जागा संपल्याचे सांगितले होते. जुन्या याद्यांचा एक कप्पा होता, तो कसा पुसायचा ते भाच्याने पूर्वी कागदावर लिहून दिले होते. मी ते बघून टंकले होते. फक्त कप्प्याच्या पत्त्यात मध्येच एक जागा सुटली. यंत्राने त्याचे दोन पत्ते वाचले. पहिला पत्ता होता अख्ख्या ग्रंथसूचीचा. तिने ती पुसली, आणि दुसऱ्या पत्त्यावर काहीच नसल्यामुळे चकार शब्द न काढता थांबली. मला वाटले, काम झाले!

वर्गात मी फळ्यावर दोन वाक्ये लिहीत असे. 'तीन वाजता शाळा सुटली' आणि 'ती न वाजता शाळा सुटली'. ती म्हणजे घंटा. अक्षरे तीच, फक्त जागा वेगळी सोडली, आणि अर्थाचे काय झाले पाहा, असे सांगून मुलांचे गुण कापत असे. आता माझे गुण कोण कापणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या मुलाच्या घरी गेले. तो क्लासला गेला होता. त्याच्या आईला सगळे सांगितले. तिने चहा केला, पण त्या विषयावर काही बोलली नाही. संध्याकाळी त्याला फोन केला. म्हटले, "बाळ, चूक माझी होती. चार लोकांत तुला बोलले, तर चार लोकांतच सांगेन." तो म्हणाला, "जाऊ द्या बाई." एवढेच. मी पुढच्या सभेत उभी राहून सांगितले, सभेच्या इतिवृत्तातही लिहिले. पण तो परत आला नाही. बारावी झाल्यावर बाहेरगावी शिकायला गेला. मी त्याला दोष देत नाही. मुलांसमोर झालेला अपमान मुले विसरत नाहीत, हे ज्या बाईंना ठाऊक असायला हवे होते त्या मीच.

नोंदी आम्ही दाखलनोंदवहीवरून पुन्हा चढवल्या. चार महिने लागले. पण त्याआधी भाच्याने सगळी व्यवस्था बदलली. प्रत्येकाला स्वतःचे नाव, स्वतःचा पासवर्ड. चिठ्ठी फाडली. ग्रंथपालांना दोन कामांचा अधिकार: छपाईची सेवा पुन्हा सुरू करणे आणि यादीची दुसरी प्रत काढणे. समितीतल्या दोघांना काहीच नाही, कारण त्यांना तसले काही करावेच लागत नव्हते. त्यातले एक जरा रागावले. "आमच्यावर विश्वास नाही का?" मी म्हटले, "आहे. पण उद्या काही बिघडले तर तुमचे नाव त्यात येणार नाही याची ही सोय आहे." ते त्यांना पटले.

भाच्याने मला विचारले, "मावशी, तू कार्यवाह आहेस, तुझ्या नावावर सगळं ठेवू ना?" मी नको म्हटले. मलाही ग्रंथपालांसारखी दोनच कामे पुरेत. पुसायचे असेल तर मी तुला फोन करीन. तो हसला, पण त्याने तसेच लिहिले.

मुलाच्या नावाचीही एक ओळ मी लिहायला लावली होती: यादीची दुसरी प्रत काढण्यापुरती. कधी आलाच परत, तर त्याचे त्याचे नाव असावे. २०१९ मध्ये ते यंत्र मोडीत निघाले तोवर ती ओळ यादीत होती. वहीत त्या नावाची एकही नोंद नाही.

तुमच्या घरी, दुकानात, संस्थेत एकच पासवर्ड पाच जण वापरत असतील तर आजच बदला, एवढेच सांगायचे होते. पासवर्ड टाकणारा हात कोणाचा हे कळत नसले, की दोष नेहमी सगळ्यांत लहान माणसाच्या वाट्याला जातो.